बिनबांधाचं रोप

दुकानाचं शटर वर करायच्या आधीच फोनमध्ये पानं येऊन पडलेली असतात. कपाशीचं पान, तुरीचं पान, मिरचीचा शेंडा, मोसंबीची वाळकी काडी. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरलेली, निम्मी उन्हात, निम्मी सावलीत, आणि फोटोखाली एकच प्रश्न : "अण्णा, काय मारू?" मारू म्हणजे फवारू. काय झालंय, असं सहसा कोणी विचारत नाही. उत्तर बाटलीच्या रूपातच हवं असतं, आणि अंबाजोगाईत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाचं पोट त्या बाटल्यांवरच चालतं, म्हणून या प्रश्नाबद्दल कुरकुर करायचा मला फारसा अधिकार नाही.

तरीही पिवळं पान ही लबाड चीज आहे. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असेल. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची. आमच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही, त्यामुळे वरून टाकलेलं खत बऱ्याचदा मातीतच अडकतं. सोयाबीनवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी दिसली तर पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक. पाणी साचलं तरी पान पिवळं, पाणी तुटलं तरी पिवळं, आणि पिकाचं वय झालं तरी पिवळंच. शेवटच्या प्रकारात लोक सगळ्यात जास्त पैसा घालवतात. काढणीला आलेल्या सोयाबीनला टॉनिक मागायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि, खोटं कशाला बोलू, काहींना ते शेजारच्या दुकानांत विकलं जातानाही पाहिलं आहे.

फोटोत पान दिसतं. मूळ दिसत नाही, विहीर दिसत नाही, मागच्या हंगामात त्या वावरात काय होतं ते दिसत नाही. म्हणून विचारावं लागतं. पाणी कधी दिलं होतं? आधी काय फवारलं? तणनाशकाचा पंप धुतला होता का? परभणीच्या कृषी विद्यापीठात हे प्रश्न पुस्तकात होते. त्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र मला दुकानातल्या बाकड्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शिकवला. तो प्रत्येकाला एवढंच विचारायचा, "शेजारच्याचं कसंय?" बांधापलीकडचं रानही तसंच पिवळं असेल तर हवा, जमीन नाहीतर बियाणं. पलीकडचं हिरवंगार असेल तर मग तुझ्या हातून काय झालं ते आठव. निम्मा आजार या एका प्रश्नात निवडून निघतो.

एका वर्षी लातूर रस्त्यालगतच्या एका गावातून सोयाबीनची अजब तक्रार आली होती. सगळं शिवार पिकून पिवळं झालेलं, पानं गळून शेंगा उघड्या पडलेल्या, आणि एकाच्या वावराचा एक कोपरा हिरवागार, कमरेएवढा वाढलेला, शेंगा नावापुरत्या. मालकाचा संशय बियाण्यावर. त्याच्या भावाचा संशय भावकीवर, म्हणजे करणीवर. मी गेलो, माती चाळवली, रोपं उपटून गाठी पाहिल्या. काही सापडेना. शेवटी बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्यानंच विचारलं, की हा हिरवा तुकडा नेमका ग्रामपंचायतीच्या नव्या हायमास्टच्या उजेडाएवढाच कसा आहे? दिवा रस्त्यापल्याड होता. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. दिवे लागले आणि उजेडाची कड त्या हिरव्या तुकड्याच्या कडेवर बरोबर येऊन बसली.

सोयाबीन रात्र मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली की फुलायचं, हा त्याचा हिशेब, आणि हायमास्टनं ती रात्रच होऊ दिली नव्हती. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या दोघांनी १९२० साली हीच गोष्ट जगासमोर मांडली, तंबाखूच्या एका जातीवर आणि बिलोक्सी नावाच्या सोयाबीनवर प्रयोग करून. शेवंती याच गोत्रातली, आपली जुनी तूर याच गोत्रातली, आणि ज्याचा विषय आता निघणार आहे तो गांजाही. शेवंतीवाले म्हणून तर रात्री मळ्यात दिवे लावतात, फूल सणाच्या भावात सापडावं यासाठी. मला मात्र त्या दिवशी गार्नरपेक्षा बांधावरच्या शेजाऱ्याचं जास्त कौतुक वाटलं. त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याचं वावर दिव्यापासून चार पावलं लांब होतं, एवढंच.

मार्चअखेरीला दुकानात माश्या मारायचं काम असतं. रब्बी निघालेली, खरिपाला वेळ. अशाच एका संध्याकाळी एक मुलगा आला. नाव-गाव सांगत नाही. पुण्यात काही वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून घरी परतलेल्या पोरांपैकी एक. आमच्या जिल्ह्यात असं पोर प्रत्येक गल्लीत आहे. दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत तो कीटकनाशकांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचत उभा राहिला, मग फोन पुढे केला.

"काका, मिरचीचं रोप आहे. पान असं का झालं असेल?"

फोटो इतका मोठा केलेला की पानाचं एक बोटभर टोक तेवढं दिसत होतं. रंग ओळखू येईना, कारण सगळ्यावर जांभळट गुलाबी उजेड सांडलेला.

"मिरचीचं पान दातेरी असतं, हे मला परभणीत कुणी शिकवलं नाही रे," मी म्हटलं.

तो गप्प झाला. मग अंगठ्यानं फोटो लहान केला. लोखंडी कपाट, आतून चंदेरी कागद लावलेलं, वर दिव्याची पट्टी, खाली काळ्या कुंड्या, आणि त्यांत माना टाकलेली लांबुडकी, शेलाटी रोपं. पंजासारखं पान. ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या पिढीनं हे झाड देवळामागच्या उकिरड्यावरही पाहिलेलं आहे आणि पोलीस पंचनाम्याच्या फोटोतही.

खोली वरची, पत्र्याची. अभ्यासाची खोली म्हणून त्याला स्वतंत्र दिलेली. रात्री दोन वाजता दाराच्या फटीतून उजेड दिसायचा, आणि आई शेजारणीला सांगायची, पोरगं लई अभ्यास करतंय. हे सांगताना त्याला हसू आलं नाही, मलाही नाही. आता लिहिताना मात्र येतं.

त्यानं एक वही आणली होती. ती पाहून मी थक्क झालो. तारीखवार नोंदी, किती पाणी, कोणतं विद्राव्य खत, किती थेंब, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान. वीस एकराचा बागायतदारसुद्धा अशी वही ठेवत नाही. ठेवली असती तर माझं निम्मं काम वाचलं असतं. पण दोन-चार पानं उलटली आणि लक्षात आलं, वहीत प्रत्येक दिवशी काहीतरी घातल्याची नोंद आहे. आज काही केलं नाही, नुसतं पाहिलं, अशी एकही नाही. पान पिवळं दिसलं की खत, टोक करपलं की पाणी, पाण्यानंतर मान टाकली की आणखी एक बाटली. प्रत्येक लक्षणाला एक व्हिडिओ सापडत होता आणि प्रत्येक व्हिडिओत एक बाटली होती. "काय मारू?" हाच प्रश्न, फक्त तो विचारायला त्याच्याजवळ अण्णा नव्हता.

कपाटातली रोपं पाण्यानं मेली होती. बीड जिल्ह्यात! इथलं सरासरी पाऊसमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही कागदावर. धनेगावचं मांजरा धरण आमचं आणि लातूरचं पिण्याचं पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकरमागे घागर घेऊन पळत मोठ्या झालेल्या माणसाला पाणी देणं म्हणजे माया करणं वाटतं, त्याला कोण काय करणार? पण मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये थोडं पाणी आणि थोडी हवा, म्हणजे वाफसा, आणि वाफसा येईपर्यंत कुळव घालायचा नाही, पेरायचं नाही, दुसरं पाणी द्यायचं नाही, हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. या मुलाच्या आजोबांनाही होतं. त्यानंच सांगितलं, आजोबा मूठभर माती हातात दाबून बघायचे आणि फेकून द्यायचे, एक शब्द न बोलता. कुंडीत बोट घालून बघायचं त्याला सुचलं नाही, कारण व्हिडिओतल्या माणसाकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं आणि याला ते परवडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. माणसाच्या डोळ्यासारखा खोटा साक्षीदार नाही. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स उजेड असतो, आणि ट्यूबलाइट लावलेल्या चांगल्या उजेडाच्या खोलीत तीनशे-पाचशे. निदान दोनशे पटींचा फरक, पण डोळा उजेडाला जुळवून घेऊन तो झाकून टाकतो, म्हणून खोलीत शिरलं तरी आपल्याला "छान उजेड आहे" वाटतं. रोपाला तसं वाटत नाही. ते उजेड शोधत ताणत जातं, खोड दोऱ्याएवढं राहतं आणि स्वतःच्याच वजनानं लवतं. घरात ट्रेमध्ये टोमॅटोचं बी टाकणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाकडे अशी रोपं दिसतात. लोक त्याला जोमदार वाढ समजतात.

आणि ऊब. व्हिडिओ बनवणारी माणसं बहुतेक थंड मुलखातली. बाहेर बर्फ, म्हणून खोली गरम कशी ठेवायची याचे त्यांचे धडे. अंबाजोगाईत मार्चअखेरीला पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात खोली गरम ठेवायची विद्या! दिव्याची उष्णता वेगळी, पत्र्याची वेगळी, दार बंद ठेवायची सक्ती वेगळी. वास बाहेर जाऊ नये म्हणून फट बुजवलेली, म्हणजे हवाही बंद. त्यात बोअरचं जड पाणी, ज्यानं आमच्या ठिबकच्या नळ्या पांढऱ्या होऊन बुजतात. ते कुंडीत ओतून वर आणखी खताचे क्षार. मुळांना यातून वाट कुठली?

हे सगळं मी त्याला मिरचीचं नाव घेऊन सांगितलं. मिरचीचं ट्रेमधलं रोप का कोलमडतं, काय केलं की जगतं. त्या कपाटातल्या झाडावर इलाज सांगितला नाही आणि सांगणारही नव्हतो. तेवढ्यापुरता माझा धंदा बंद होता. मग एकच विचारलं, घरी कोणाला माहीत आहे? तर कोणालाच नाही. मित्राला? एकाला होतं, तो आता बोलत नाही. मग मी त्याला कायदा सांगितला, कारण एवढी वर्षं परीक्षेचा अभ्यास करून त्यानं हे कलम वाचलेलं नव्हतं. १९८५ चा अमली पदार्थ कायदा, कलम २०. गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. जवळ बाळगलेल्या गांजाला कायद्यात किलोचे टप्पे आहेत, एका किलोपर्यंत थोडा, वीस किलोंच्या वर व्यापारी. लागवडीला तसे टप्पे नाहीत. कपाटातल्या मेल्या रोपाला आणि एकरभर फडाला कलम एकच. नोकरीच्या पडताळणीत पुढे काय होतं ते मात्र त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिथे त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, काढून टाकलं म्हणून. खरं-खोटं मी तपासलं नाही.

गांजाची खरी लागवड आमच्याकडे कपाटात होत नाही. ती तुरीत होते, कपाशीत होते. दरवर्षी पावसाळा सरला की मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून बातमी येते, अमुक शिवारात तुरीच्या ओळीत गांजाची झाडं, पोलिसांचा छापा, ट्रॅक्टरमध्ये भरलेल्या हिरव्या जुड्या, पंच, वजनकाटा, आणि एका बाजूला मान खाली घालून उभा असलेला धोतर-टोपीतला माणूस. तूर उंच वाढते, दाट होते, आणि तिचा हंगाम याच्याशी जुळतो, म्हणून तूर. ही झाडं कधी मरगळलेली दिसत नाहीत. ऊन आहे, वारा आहे, काळी जमीन आहे. तिथे रोप तगतं आणि माणूस सापडतो.

तो कसा सापडतो, हे पाहण्यासारखं आहे. ड्रोननं क्वचित. बहुतेक वेळा बांधावरून. कोणीतरी शेळी शोधत आत शिरतं, कोणाच्या तरी मोटारीची वायर त्या सरीतून जाते, भावकीत बांध कोरण्यावरून वाद असतो. कायद्यानंही हे ओळखलेलं आहे. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी झाडं आढळली तर जमीनधारकानं ताबडतोब कळवलं पाहिजे, आणि ४७ प्रमाणे सरपंचापासून गावच्या प्रत्येक अंमलदारावर तेच बंधन. शिवारात गुपित टिकत नाही यावर सरकारचा पूर्ण विश्वास आहे. मला वाटतं, शेतीचं ज्ञानही याच कारणानं टिकलं. एकाचं वावर दुसऱ्याला दिसतं, म्हणून चूक लपत नाही आणि युक्तीही लपत नाही. कोणी नवीन वाण पेरला की लोक वाकडी वाट करून त्याच्या बांधावरून जातात. आधी हसतात, पुढच्या वर्षी बी मागतात. धारूरच्या डोंगरातल्या सीताफळांतून निवडून अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं धारूर-६ हा वाण काढला, तेव्हा शास्त्रज्ञांच्या आधी ती झाडं कोणी पाहून ठेवली असतील? गुराख्यांनी. अमक्या ओढ्याकाठचं फळ गोड, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा उघड्यावरच्या माहितीचं फळ आहे.

कपाटातल्या मुलाला यातलं काही मिळणं शक्य नव्हतं. त्याच्या रोपांना बांध नव्हता. समोरून जाणारा कोणी "एवढं पाणी कामून घालतोस बाबा?" असं ओरडला नसता. त्याच्या आजोबांनी मूठभर माती दाबून पाहिली असती तर पहिल्या आठवड्यातच निकाल लागला असता, पण नेमकं त्यांनाच ती दाखवायची सोय नव्हती.

गांजालाही एकेकाळी बांध होता, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही. १८९३ साली इंग्रज सरकारनं भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. हजारावर साक्षी, सात खंडांचा अहवाल. मुंबई इलाख्यातला गांजा तेव्हा मुख्यतः नगर जिल्ह्यात पिकत होता, म्हणजे आमच्या आष्टी-पाटोद्याच्या सीमेला लागून. आम्ही तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद. आयोगानं सरसकट बंदी नको म्हटलं, परवाना, कर आणि देखरेख सुचवली. बंगालात, आजच्या बांगलादेशातल्या नौगावला, तर या पिकाचा अख्खा मुलूखच होता, १९१७ मध्ये तिथे उत्पादकांची सहकारी संस्थाही निघाली. त्या भागात शेतातून फिरून झाडं पारखणारा एक जाणकार असे, त्याला परखदार म्हणत, आणि इंग्रजांच्या कागदांत त्याला चक्क गांजाचा डॉक्टर म्हटलेलं आहे. म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस! फरक एवढाच की त्याला दिवसाढवळ्या शेतात जाता येत होतं.

यातून "मग पुन्हा परवाने द्या" असा निष्कर्ष काढणारे खूप आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे, असा साधा सरळ अर्ज. आमच्या बाकड्यावर तो अर्ज महिनाभर गाजला. लोक हसले, पण त्या हसण्यात अर्ज चुकीचा आहे असं कोणाचं म्हणणं नव्हतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली सौदे होत होते. ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या माणसाला गणित शिकवायला जाऊ नये.

तरी मला तो अर्ज पटला नाही, आणि कारण नीतीचं नाही. गांजाला जो भाव आहे तो त्या झाडाचा नाही. तो तुरुंगाचा आहे. झाड म्हणून ते उकिरड्यावर येणारं तण. उद्या परवाना निघाला, सगळं शिवार त्यानं भरलं, की पहिल्या हंगामात व्यापारी खूश, दुसऱ्या हंगामात आवक वाढली म्हणून भाव पडले, आणि तिसऱ्या वर्षी माझ्या फोनवर त्याच्याही पानांचे फोटो : अण्णा, काय मारू? उत्तराखंडानं २०१८ मध्ये धागा आणि बियांसाठी भांगेच्या लागवडीचे परवाने सुरू केले, नशेचा अंश ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या जातींसाठी. ते वेगळं पीक आहे, वेगळं गणित आहे. आमच्याकडे मात्र ते नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर छाप्यातल्या वजनकाट्याचे आकडेच येतात. मराठवाड्यानं इमू पाळून पाहिले, सफेद मुसळी लावून पाहिली, कोरफड लावून पाहिली. त्या प्रत्येक वेळी पैसा बियाणं आणि पिल्लं विकणाऱ्यानं कमावला. इमू तर शेवटी लोकांनी रस्त्यावर सोडून दिले.

सध्या हवा केशराची आहे. बंद खोली, वातानुकूलन यंत्र, फळ्यांवर मांडलेले ट्रे, काश्मीरहून आणलेले कंद. हे कायदेशीर आहे, अगदी उघड करण्यासारखं आहे. आष्टी तालुक्यातल्या एकानं मागच्या हंगामात खोली केली. पहिल्या ऑक्टोबरात जांभळी फुलं आली, त्यानं फोटो पाठवले. या वर्षी नुसती गवतासारखी पाती, फूल एक नाही. "काय मारू?"

काही मारायचं नाही, हे त्याला पटवायला बराच वेळ लागला. केशराला बी धरत नाही, ते कंदापासूनच वाढतं. पहिल्या वर्षी आलेलं फूल कंदात साठलेल्या अन्नावर येतं, त्याला मातीही लागत नाही. ते अन्न काश्मीरातल्या पांपोरच्या उन्हातलं आणि पांपोरच्या मातीतलं. फूल काढल्यावर तो कंद हिवाळाभर मातीत, भरपूर उजेडात पोसला तर त्याच्या पोटी पुढचे कंद धरतात. याच्या खोलीत उजेड ट्यूबलाइटचा. कंद धरले, पण बोरांएवढे, आणि लहान कंद फुलत नाहीत. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. त्यानं विजेचं बिल सांगितलं तेव्हा मी विषय बदलला.

"गावात कोणी पाहिलंय का?"

"नाही अण्णा. खोलीला कुलूपच ठेवलंय. लोक नावं ठेवतील, नाहीतर बघून तेच करतील."

म्हटलं, कंद पोत्यात भरून घेऊन ये, आपण वजनावर निवडू. आठ ग्रॅमच्या खालचे बाजूला काढू, ते वेगळे पोसावे लागतील. पण माझा काटा युरियाच्या गोणीचा. तू येताना गावातल्या सोनाराकडून त्याचा काटा मागून आण.

"सोनार विचारंल ना, कशाला पाहिजे म्हणून."

"मग सांग की."